पावसाचा खंड, सोयाबीन आणि झाडातले हार्मोन : माझ्या प्रोजेक्टच्या नोंदी

९ जुलै २०२३

परवा सात तारखेला पेरणी झाली एकदाची. मृग कोरडा गेला, आर्द्रा तशीच गेली, गावात सगळे आभाळाकडं बघून बसलेले, मग दोन दिवस बरा पाऊस झाला आणि आप्पांनी दीड एकरात सोयाबीन टाकलं, एमएयूएस ७१, परभणीच्या विद्यापीठाचं वाण, मधी मधी तुरीच्या ओळी. रान केज तालुक्यातलं, निम्मं काळं आणि धुऱ्याकडचं निम्मं मुरमाड.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, मॅडम म्हणाल्या विषय तुझा तू निवड. मी म्हणलं पावसाचा खंड पडल्यावर झाड आतून काय करतं ते बघायचंय. मी सातवीत होते तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं, २०१६ ची गोष्ट, तेव्हापासून दुष्काळ म्हणलं की मला टँकर, घागरी आणि छावणीतली जनावरंच आठवतात. पण त्या वर्षी रानात जे उभं होतं त्याचं काय झालं, ते नुसतं मरत होतं का काही प्रयत्न पण करत होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. कॉलेजात प्लांट फिजिऑलॉजीच्या पेपरला हार्मोन आले, पाठ केले, मार्क पण मिळाले, पण आमच्या रानातल्या सोयाबीनचा आणि त्या पाच नावांचा संबंध काही लागला नव्हता. तो लावायचाय.

१५ जुलै

वाचन चालू आहे. लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली, बाकी मोबाईलवर.

मुख्य नाव आहे अब्सिसिक ॲसिड, एबीए. गंमत अशी की हे सापडलं कापसात. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात ॲडिकॉट यांच्या टीमला कापसाची कोवळी बोंडं का गळतात ते शोधायचं होतं, त्यातून हा पदार्थ निघाला आणि गळण्यावरूनच त्याला नाव मिळालं. त्याच सुमारास इंग्लंड-वेल्सकडं वेअरिंग यांचे लोक झाडाच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात कशा ते शोधत होते, त्यांना पण तेच सापडलं. पुढं कळलं की गळतीचं थेट काम जास्त करून इथिलीनचं आहे आणि एबीएचं खरं मोठं काम आहे तहानेच्या वेळी झाडाची पर्णरंध्रं बंद करायचं. नाव मात्र गळतीचंच राहिलं.

पर्णरंध्र म्हणजे पानावरचं बारीक तोंड, दोन पेशींच्या मधलं. झाड तिथून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि तिथूनच पाणी बाहेर जातं. म्हणजे खायचं तोंड आणि पाणी गळायची फट एकच आहे. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलंय कारण मला वाटतं पूर्ण प्रोजेक्ट याच्यातच आहे.

२३ जुलै

पाऊस चांगला चाललाय, पीक हिरवंगार, तण पण तेवढंच.

नर्सरीच्या काळ्या पिशव्या आणल्या, २४. आमच्याच काळ्या मातीत थोडं शेणखत आणि वाळू मिसळून भरल्या आणि त्यात तेच बी लावलं. काही झाडं साधी वाढवायची आणि सहा झाडांचं मूळ दोन पिशव्यांत वाटून लावायचं, त्याचं पुढं लिहिते.

३० जुलै

पर्णरंध्रं बघायची सोपी रीत म्हणजे पानाला पारदर्शक नेलपॉलिश लावायची, वाळली की चिकटपट्टीनं उचलायची आणि काचपट्टीवर लावून मायक्रोस्कोपखाली ठेवायची. ठसा निघतो. पण सोयाबीनच्या पानाला बारीक लव असते, ठसा फाटतो नाहीतर नुसते केस दिसतात. चार दिवस हेच. आजी ओट्यावरनं बघत होती, म्हणाली, "तण गुडघ्याला आलंय अन तू पानाला रंग लावायलीस व्हय?"

मॅडमला फोन केला तर त्या म्हणाल्या केना आहे का रानात. म्हणलं मॅडम केनाच केना आहे, खुरपून खुरपून बोटं दुखायलीत. तर म्हणाल्या मग तोच घे. केन्याच्या पानाची खालची साल नखानं अलगद धरली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते आणि त्याच्यावर रंध्रं एकदम स्वच्छ दिसतात. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पर्णरंध्रांचा बराच अभ्यास केन्याच्या जातीच्या झाडांवर झालाय, एका काळी तर झाडाच्या रसात एबीए किती आहे हे मोजायला याच्या सालीचा तुकडा वापरायचे, तुकड्यावरची रंध्रं किती मिटली त्यावरून अंदाज. आणि आम्ही ज्याला उपटून धुऱ्यावर फेकतो, तिथं पण तो पुन्हा मुळं धरतो, तोच हा केना.

कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियम क्लोराईड होतं. लिटरला साधारण पावणेचार ग्रॅम टाकून पाणी केलं, त्यात केन्याची साल तरंगत ठेवली, खिडकीत उन्हाच्या उजेडाला. दुसरी साल नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात. अडीच तासांनी पोटॅशियममधली रंध्रं तांदळाच्या दाण्यासारखी उघडलेली, नुसत्या पाण्यातली जवळजवळ मिटलेली. मी किती वेळ बघत बसले मला कळलंच नाही, केजची शेवटची बस निघून गेली.

म्हणजे रंध्राच्या दोन पेशी आत पोटॅशियम ओढतात, त्याच्यामागं पाणी येतं, पेशी फुगतात आणि धनुष्यासारख्या वाकून तोंड उघडतं. एबीए आलं की उलटं, आधी ऋणभाराचे आयन बाहेर पडतात, मग पोटॅशियम, मग पाणी, पेशी ढिल्या पडतात आणि तोंड मिटतं. दार लावायला कुणी ढकलत नाही, पेशीच स्वतःतलं पाणी सोडून देते.

५ ऑगस्ट

२८ जुलैनंतर पाऊस नाही. आप्पा म्हणतात चार-पाच दिवसांची उघडीप बरी असते, कोळपणी उरकते. उरकली पण.

१२ ऑगस्ट

उघडीप लांबली. आता गावात उघडीप म्हणत नाहीत, खंड म्हणतात.

रोज तीन वेळा रानात जाते, सकाळी दहाला, दुपारी एकला, साडेचारला. दुपारी मुरमाड भागातलं सोयाबीन पानं उलटी करतं, खालची पांढुरकी बाजू वर. लांबून बघितलं तर रान चांदीसारखं दिसतं. ते पण एक बचावच आहे, पांढरी बाजू ऊन परतवते. संध्याकाळी पानं पुन्हा सरळ होतात. तूर तशीच उभी आहे, तिचं मूळ खाली गेलंय.

परवापासून कोबाल्ट क्लोराईडच्या कागदानं मोजायला सुरुवात केलीय. कोरडा असताना कागद निळा असतो, पानातून निघालेली वाफ लागली की गुलाबी होतो, किती सेकंद लागले ते लिहायचं. हा पदार्थ विषारी आहे, हातमोजे घालून करते आणि आजीच्या हाताला लागू देत नाही, तिला तो निळा कागद फार आवडलाय. पिशवीतल्या पाणी दिलेल्या झाडांना सरासरी ५० सेकंद, सात दिवस पाणी तोडलेल्यांना ४ मिनिटांच्या वर. ते अपेक्षितच होतं. मला जे बघायचं होतं ते मुळं वाटलेल्या झाडांत होतं.

ते असं केलंय. रोप लहान असताना मुख्य मूळ टोकाला छाटलं, बाजूची मुळं वाढू दिली आणि मग निम्मी एका पिशवीत निम्मी शेजारच्या पिशवीत, खोड मधी. सहातली चार झाडं जगली. त्यातल्या दोघांना दोन्हीकडं पाणी, दोघांना एकाच बाजूला भरपूर आणि दुसरी बाजू कोरडी. म्हणजे झाडाला पाणी कमी नाही, निम्म्या मुळांना भरपूर मिळतंय, पान ताठ आहे, एकही पान मान टाकत नाही. तरी कागद गुलाबी व्हायला दीड मिनिटाच्या वर लागला. दोन्ही झाडांत, तीन दिवस सलग.

पाणी असताना झाडानं तोंड आवळून घेतलं. पानाला तहान लागायच्या आधी. कोरड्या बाजूच्या मुळांनी वर काहीतरी कळवलं म्हणूनच ना. हे मोठ्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दाखवलंय हे मला माहीत आहे, पण आपल्या अंगणातल्या दोन पिशव्यांत ते होताना बघणं वेगळं आहे. मी धावत जाऊन आप्पांना बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही पिशव्यांत बोट घालून बघितलं, पान हातात घेतलं, काही बोलले नाहीत, आणि मग रानाकडं बघून म्हणाले, "म्हंजी मान टाकायच्या आधीच त्याला कळायलंय."

आधी असं मानायचे की मुळातच एबीए बनतं आणि पाण्याबरोबर वर जातं. आता कळलंय की बरंचसं पानाच्या शिरांमध्येच बनतं, गाजराला ज्यांच्यामुळं रंग येतो त्या कॅरोटिनॉइडच्या कुळातल्या रंगद्रव्यापासून. आणि २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडात दाखवलं की मूळ कोरडं पडलं की तिथून सीएलई २५ नावाचं बारीकसं प्रथिनाचं तुकडं निघतं, पानापर्यंत जातं आणि तिथं एबीए बनवायला लावतं. नुसता निरोप जातो, सामान पानातच तयार होतं.

१६ ऑगस्ट

फुलं दिसायला लागली, ४० वा दिवस. जांभळी, बारीक. बघून आनंद पण होत नाही कारण ही वेळ खंडाची नाही.

१८ ऑगस्ट

मॅडमकडं गेले होते. एबीएची पावडर मागवून फवारता येईल का विचारलं. शुद्ध एबीएचा भाव मिलिग्रॅमवर असतो आणि उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून शेतात कुणी दुष्काळासाठी ते फवारत नाही, द्राक्षाला रंग यायला मात्र वापरतात.

मग त्यांनी फळ्यावर काढून समजावलं की पेशीला एबीए आल्याचं कळतं कसं. हे २००९ मध्ये उलगडलं, दोन वेगवेगळ्या टीमनी एकाच वेळी. मी माझ्या भाषेत लिहिते. पेशीत एक बैल आहे, काम करायला तयार असलेला, पण त्याला दावणीला बांधून ठेवणारा एक गडी आहे. गड्याचं नाव पीपी२सी, बैलाचं एसएनआरके२. पाणी बरं असेल तोवर गडी बैलाला सोडत नाही. एबीए आलं की ते आधी एका तिसऱ्याच्या हातात जातं, पीवायआर नावाच्या ग्राहीच्या, आणि एबीए हातात आलं की तो ग्राही जाऊन गड्यालाच मिठी मारतो. गडी अडकला की बैल सुटला. सुटलेला बैल जाऊन रंध्राच्या पेशीतली आयनची दारं उघडतो आणि दुसरीकडं केंद्रकात जाऊन तहानेची जनुकं चालू करतो. मॅडम हसल्या पण म्हणाल्या व्हायवाला असंच सांग.

म्हणजे झाड तहानेची तयारी नव्यानं करत नाही, तयारी असतेच, ती फक्त धरून ठेवलेली असते.

२१ ऑगस्ट, नागपंचमी

आज रानात काही तोडायचं-खणायचं नाही म्हणून आजीनं विळा पण हातात घेऊ दिला नाही. वारुळाला जाऊन आलो. माती भेगाळलीय, काळ्या रानात बोट जाईल एवढ्या भेगा.

धुऱ्याशेजारचे तात्या कृषी सेवा केंद्रातून एक बाटली घेऊन आले. दुकानदारानं सांगितलं म्हणे हार्मोन आहे, पिकाला ताकद येते, खंडात मारा. आप्पा पण आणायला निघाले होते. मी बाटली घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. जिबरेलिक ॲसिड ०.००१ टक्के.

इथं मला राहवलं नाही. जिबरेलिन हा वाढ ओढणारा हार्मोन आहे. जपानमध्ये भाताची रोपं एका बुरशीमुळं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडायची, त्या रोगातून तो सापडला. आणि तहानेच्या वेळी झाड स्वतः काय करतं, तर जिबरेलिन कमी करतं, पान लहान ठेवतं, उंची थांबवतं, जे काही आहे ते मुळाकडं पाठवतं. आत्ता ते मारणं म्हणजे घरात दाणा कमी असताना पाहुणे बोलावणं. मी तात्यांना असंच सांगितलं. त्यांनी विचारलं मग गेल्या साली आपण वाढ रोखायचं औषध मारलं ते काय होतं. ते क्लोरमेक्वाट, ते जिबरेलिन बनू देत नाही, पाऊस जास्त होऊन सोयाबीन नुसतं माजलं होतं तेव्हा ठीक होतं. दोन्ही बाटल्या दुकानात एकाच फळीवर, दोन्हीला लोक टॉनिकच म्हणतात आणि दोघींचं काम एकमेकींच्या उलट.

मला राग तात्यांचा नाही. बाटलीवर हार्मोनचं नाव असतं पण तो हार्मोन झाडाला काय सांगतो ते मराठीत कुठंच लिहिलेलं नसतं. शेतकऱ्यानं पैसे मोजून काय विकत घेतलं हे त्याला कळलं पाहिजे, एवढं साधं आहे.

२३ ऑगस्ट

संध्याकाळी सहाला सगळं गाव मोबाईल आणि टीव्हीपुढं, चांद्रयान उतरलं. पोरं ओरडत पळत होती. नंतर बाहेर आले तर आभाळात ढगाचा ठिपका नाही, चंद्र इतका स्वच्छ. आप्पा खाटेवर बसून म्हणाले उद्या विहिरीवरची मोटर चालवून बघू, किती निघतंय.

२५ ऑगस्ट

दोन दिवसांत भरपूर काम झालं, सविस्तर लिहिते.

फवारणीचा प्रयोग मुरमाड भागात. पाच ओळी, पाच मीटर लांब, असा एक तुकडा. चार प्रकार, प्रत्येकी तीन तुकडे, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या म्हणजे चांगली जागा एकालाच जाऊ नये. एक प्रकार तसाच कोरडा. एकावर नुसतं साधं पाणी, कारण नाहीतर फरक औषधानं पडला का ओलाव्यानं हे सांगता येत नाही. एकावर सॅलिसिलिक ॲसिड १०० पीपीएम, १५ लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घेतलं कारण थेट पाण्यात लवकर विरघळत नाही. चौथ्यावर १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचं खत, पंपाला १५० ग्रॅम म्हणजे एक टक्का, खंडात हीच फवारणी करा असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पोटॅश का, हे आता मला पोपटासारखं नाही तर केन्याच्या सालीत बघून कळलंय.

सॅलिसिलिक हे पण झाडातलंच आहे. मुख्य काम रोगाशी लढायचं, पण तहानेत पण त्याचा उपयोग दिसलाय. रंध्रं मिटली की पानात ऊन येत राहतं आणि कार्बन डायऑक्साइड मात्र येत नाही, मग ती ऊर्जा भलतीकडं जाऊन घातक ऑक्सिजन तयार होतो, जो पेशीची पडदी जाळतो. सॅलिसिलिक ती विझवणारी एन्झाइम वाढवायला मदत करतं असं बऱ्याच पिकांत बघितलंय.

दुसरीकडं, विहिरीत जेवढं पाणी होतं त्यात काळ्या आणि मुरमाड भागाच्या सीमेवरच्या साधारण आठ गुंठ्यांवर आप्पांनी रात्री तुषार चालवला, चार तास. त्यात मुरमाडाचा जो भाग आला तिथं पण मी तसेच तीन तुकडे आखून घेतले. मोटर मधेच हवा ओढायला लागली म्हणून बंद केली. पहाटे पाइप उचलताना मातीचा वास आला तर आई तिथंच उभी राहिली थोडा वेळ.

२७ ऑगस्ट

फुलगळ मोजतेय. झाडाखाली जुनं धोतर अंथरून सकाळी सकाळी पडलेली फुलं मोजायची. सोयाबीन तसं पण बरीच फुलं गाळतं, पाऊस चांगला असला तरी निम्म्याच्या आसपास जातात, त्यामुळं फूल पडलं की लगेच घाबरायचं नाही. पण कोरड्या भागात फुलंच नाही तर नुकत्या धरलेल्या, नखाएवढ्या शेंगा पण पडायल्यात.

हे कसं होतं ते वाचलं आणि जरा वाईट वाटलं. फुलाच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर असतो, तुटायची जागा आधीच ठरलेली. फूल किंवा शेंग जोमात असली की तिच्याकडून ऑक्सिन नावाचा हार्मोन देठातून सतत खाली येत राहतो आणि तो येतोय तोवर तो थर घट्ट राहतो. तहानेत पानं अन्न कमी पाठवतात, शेंग अशक्त होते, ऑक्सिन आटतो आणि इथिलीन वाढतं. इथिलीन म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत सोडतात तोच वायू, झाड तो स्वतः बनवतं. मग त्या थरातल्या पेशींच्या भिंती विरघळवणारी एन्झाइम सुटतात आणि शेंग अलगद पडते. कापसात फुलगळीला एनएएचा फवारा मारतात ते बाहेरून ऑक्सिन देणंच आहे.

आणि एबीए? जे पानात जीव वाचवतं त्याचंच प्रमाण कोवळ्या शेंगेत वाढलं की शेंग धरण्याचं प्रमाण कमी होतं, असं सोयाबीनवरच्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे हार्मोनला शेतकऱ्याचं उत्पन्न माहीत नाही. त्याला एकच माहीत आहे की हे झाड मरायच्या आधी चार का होईना दाणे पिकले पाहिजेत. चाळीस शेंगा वाळवण्यापेक्षा बारा शेंगा भरणं, हा झाडाचा हिशोब आहे आणि तो झाडापुरता बरोबर आहे. एका झाडाला बारा शेंगांत आमचं घर चालत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

म्हणून खंडातून झाड वाचणं आणि पीक येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोजेक्टच्या सुरुवातीला मी हे एकच समजत होते.

१ सप्टेंबर

हवामान खात्यानं सांगितलं, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, ३६ टक्के तूट. आप्पांनी बातमी ऐकली आणि टीव्ही बंद केला. खालची पानं पिवळी पडून गळायलीत, शेळी तीच वेचून खातीय. माझ्या पिशव्यांतली पण चार झाडं खाल्ली तिनं, दोन मुळं वाटलेली होती त्यातली. आकडे आधीच लिहिलेले होते म्हणून वाचले.

८ सप्टेंबर

पाऊस!! काल रात्रीपासून. सहा आठवड्यांनी.

सकाळी दहाला केन्याची साल काढली, धुऱ्यावरच्याच, जो महिनाभर मिटून होता. रंध्रं उघडी.

१५ सप्टेंबर

काल पोळा झाला. बैल आता आमच्याकडं नाहीत, तात्यांच्या जोडीलाच आजी ओवाळते.

आज झाडं मुळासकट खणली, आप्पांनी टिकावानं आणि मी पाणी सोडून हळूहळू धुवून. तुषारवालं झाड वर मोठं, मूळ वरवर पसरलेलं. कोरड्यातलं झाड वर निम्मंच पण मूळ सरळ खाली, जवळजवळ हातभर जास्त. एबीए तहानेत मुळाची वाढ चालू ठेवायला मदत करतं, इथिलीनला तिथं आवर घालून, हे मक्यावरच्या प्रयोगांत दिसलंय. तुरीचं मूळ तर आम्हाला पूर्ण निघालंच नाही, टिकाव पोचला तिथं तुटलं.

एक गोष्ट मला यातून दिसली आणि ती मी रिपोर्टमध्ये ठामपणे लिहिणार आहे. पिकाला सुरुवातीला, फुलांच्या आधी, थोडा ताण बसू दिला तर मूळ खाली जातं, ते चांगलंच आहे. जुनी माणसं म्हणतात ना सुरुवातीची उघडीप बरी, त्याच्यामागं हे आहे. पण फुलं ते शेंगा भरणं या काळात झाडाचे हार्मोन झाडाच्या बाजूनं वागतात, आपल्या नाही, आणि तेव्हा विहिरीत, शेततळ्यात जे काही असेल ते तिथंच द्यायचं. तुषारचं एक पाणी कधी, याचं उत्तर पान मान टाकतं तेव्हा नाही, त्याच्या आधी. सकाळी दहाला जेव्हा रंध्रं उघडी असायला पाहिजेत तेव्हाच ती मिटलेली असतील तर.

१६ ऑक्टोबर

काढणी, मळणी, वजन. तुकडे वेगळे ठेवून काठीनं बडवले म्हणून दोन दिवस गेले. एका तुकड्याची सरासरी अशी: कोरडा ६१० ग्रॅम, साधं पाणी ६२०, सॅलिसिलिक ६७०, १३:०:४५ चा ६९५, तुषार ११४०.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, कोरड्याच्या तीन तुकड्यांत आपसात किती फरक. ८५ ग्रॅम. मग सॅलिसिलिकचे ६० ग्रॅम जास्त आले याच्यावर मी उभी राहू शकत नाही. तीन तुकड्यांवर तेवढं म्हणता येत नाही. फवारणीनं थोडा हातभार लागला असेल, पण फवारणी पाण्याची जागा घेत नाही, हे मात्र ठळक आहे, आठ गुंठ्यावर चार तास चाललेल्या पाण्यानं वजन जवळजवळ दुप्पट केलं. दाणा पण टपोरा, कोरड्यातला बारीक आणि थोडा हिरवट राहिलेला.

पूर्ण रानात मिळून साडेचार क्विंटल झालं, दीड एकरात. खर्च निघाला नाही. तेही लिहिते, कारण हा पण याच प्रयोगाचा आकडा आहे.

२९ ऑक्टोबर

दसऱ्याच्या आधी सोयाबीनच्या रानात ज्वारी पेरली, मालदांडी. बी निम्मं तसंच आणि निम्मं रात्रभर भिजवून सावलीत वाळवलेलं, म्हणजे उगवायची तयारी आत सुरू होऊन थांबते. भिजवलेलं दीड दिवस आधी वर आलं, बाकी फरक पुढं कळेल.

रब्बी ज्वारी म्हणजे सगळा खेळ जमिनीतल्या ओलीवर, वरून काही येणार नाही हे धरूनच. ज्वारीत काही वाणं तहानेत पण शेवटपर्यंत पान हिरवं ठेवतात, त्याला स्टे ग्रीन म्हणतात, आणि पान म्हातारं होऊ न देणारा हार्मोन म्हणजे सायटोकायनिन, नारळाच्या पाण्यात पण असतो तो. २००७ मध्ये तंबाखूच्या झाडात असं केलं होतं की पान पिवळं पडायची वेळ आली की तिथंच सायटोकायनिन बनायला लागेल, तर ती झाडं पाणी तोडून नंतर दिल्यावर पुन्हा उभी राहिली, साधी झाडं गेली.

आजीनं विचारलं ज्वारीतला टारफुला पण तुझ्या पुस्तकात आहे का. आहे. टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळावर पोसणारं तण, ज्वारीच्या मुळातून निघणारा एक पदार्थ ओळखून उगवतो, म्हणून त्या पदार्थांच्या कुळाला टारफुल्याच्याच शास्त्रीय नावावरून, स्ट्रायगावरून, स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. पहिला सापडला १९६६ ला, तो पण कापसाच्या मुळांतून. मुळानं तो सोडायचा कशाला, तर जमिनीतली चांगली बुरशी जवळ यावी म्हणून, ती लांबून पाणी-स्फुरद आणून देते. टारफुला त्या हाकेवर चोरून येतो. २००८ पासून तो झाडाचा हार्मोन म्हणून पण मानतात आणि तहान सोसायला पण लागतो, तो ज्यांना बनवता येत नाही अशी झाडं खंडात लवकर मान टाकतात. आजी म्हणाली, "ज्यानं हाक मारली त्याच्याच मुळावर."

५ नोव्हेंबर

रिपोर्टचं बाइंडिंग झालं. शेवटच्या पानावर केन्याच्या सालीचे दोन फोटो लावलेत, २६ ऑगस्टचा आणि ८ सप्टेंबरचा.

कोपऱ्यात थोडा हरभरा पण टाकलाय आप्पांनी. विहिरीत दोन परस पाणी आहे, एकदाच पुरेल. काल संध्याकाळी माझी काचपट्टी आणि भिंग कुठं ठेवलंय विचारत होते. आज सकाळी धुऱ्यावर बघितलं तर खुरपताना केन्याची चार झुडपं तशीच ठेवलीत, बाजूला खुणेचा दगड लावून.